अठरा की पस्तीस

१७ फेब्रुवारी २००३, सोमवार

सकाळी सहाला उठलो. रोपवाटिकेत पाणी सोडलं. दहा वाजता पंच कमिटीच्या कार्यालयात गेलो. दुपारी घरी येऊन सकाळची भाकरी दुधात कुस्करून खाल्ली. संध्याकाळी कोणी आलं नाही.

कमिटीचं काम असं आहे. आमच्या समाजाच्या रुद्रभूमीचा, म्हणजे दफनभूमीचा, जुना भाग, पाऊण एकरभर, सपाट करून हिरवळ लावायची आणि कडेनं बेल व चाफा लावायचा. पावसाआधी. हे काम त्यांनी माझ्या पत्नीला, दानेश्वरीला, तोंडी कबूल केलं होतं. ती गेल्या श्रावणात गेली. काविळीनं नऊ दिवसांत. अध्यक्ष म्हणाले, "सोमशेखर, बाईंच्या शब्दासाठी आम्ही थांबलो. पण कुदळी-फावड्यानं हे व्हायचं नाही. स्वतःचं यंत्र आणा, काम तुमचं. नाहीतर दुसरे दोघं वाट बघत बसलेत." पाडव्यापर्यंत मुदत दिली.

ती सतरा वर्षं लोकांच्या बंगल्यांच्या बागा करत होती. मी बँकेत होतो, स्वेच्छानिवृत्ती घेतली तोवर तिच्या कामात कधी लक्ष घातलं नाही. आता हे काम गेलं तर रोपवाटिका चालणार नाही. ती बंद झाली तर तिचं म्हणून काही उरत नाही. म्हणून ट्रॅक्टर घ्यायचा ठरवलं आहे.

२० फेब्रुवारी, गुरुवार

कृष्णातशी बोललो. हा मुरगूडकडचा, तिच्याकडे पंधरा वर्षं कामाला. तिला आक्का म्हणायचा. मला साहेब म्हणतो.

मी विचारलं, कुठला ट्रॅक्टर घ्यावा. तो लगेच म्हणाला, "अठरा हॉर्सपॉवरचा, साहेब. साडेतीन फूट रुंद. बंगल्याच्या फाटकातनं मोठा जातोय व्हय? का दर वेळेला कुंपण पाडायचं?"

हे पटण्यासारखं होतं. पण लगेच म्हणाला हे मला खटकलं. जणू उत्तर तयार ठेवलं होतं.

"आणि रुद्रभूमीला?"

"तितं तर जड गाडी नकोच."

"का?"

"नको म्हंजे नको की."

आणि खाली बघायला लागला. बँकेत असताना कोणी असं खाली बघितलं की मी कागद पुन्हा पहिल्यापासून वाचत असे.

बायडाबाई आणि शालूबाई पिशव्यांत माती भरत होत्या. बायडाबाई म्हणाली, "साडेतीन फुटाचा ट्रॅक्टर! त्याला शेड बांधायचं का खुराडं?" शालूबाई म्हणाली, "दाण्यावर पळत असंल तर खुराडंच बरं." दोघी हसल्या. कृष्णात हसला नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

दानेश्वरीचा भाऊ शिवपुत्र संकेश्वरहून आला. तिच्या फोटोपुढे उभा राहून रडला. मग जेवला.

ट्रॅक्टरचं सांगितल्यावर म्हणाला, "दाजी, अठरा म्हणजे खेळणं. जत्रेत बसवतात पोरांना त्यावर. पस्तीसचा घ्या. बागेचं काम रोज कुठं असतं? मधल्या दिवसांत माझ्या उसाला येईल, गाडी उभी राहून गंजणार नाही. तुमच्याच सोयीचं सांगतोय."

मी कृष्णातचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "तिथली मयतं चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची आहेत. वर हरळी चढली की खाली जमीन बसली, असं आपल्यात म्हणतातच की. गड्याला आपल्या रुद्रभूमीतलं काय कळतंय? त्याचं कुणाशी तरी ठरलेलं असणार. तुम्ही साधे, दाजी."

घरचा माणूस असं स्पष्ट बोलतो ते बरं वाटतं. त्याला यातून काही मिळवायचं नाही.

१ मार्च, शनिवार. महाशिवरात्र

उपवास. देवळातून परस्पर रुद्रभूमीत गेलो. जुन्या भागाच्या कडेला तिची जागा आहे, तिथं बेल वाहिला.

तिथला राखणदार गुंडू जवळ आला. म्हणाला, "तुमचा कृष्णात लई मन लावतोय बघा."

"कशात?"

"यतोय की तांबडं फुटायला. पहार घिऊन. खुपसतोय, काढतोय, वाकून बघतोय. बाईंच्या जागेच्या अंगाला तर लईच येळ."

 घरी आल्यापासून दुसरं काही सुचत नाही.

आमच्यात मयताला बसवून पुरतात. खड्डा मयताच्याच पावलांनी मोजायचा, नऊ पावलं लांब, पाच पावलं रुंद. तिचं पाऊल लहान होतं. खणणाऱ्यानं "एवढाच?" म्हणून पुन्हा मोजून घेतला. तळाशी एका अंगाला कोनाडा केला, तिला त्यात बसवलं, विभूती ठेवली आणि पुढचा खड्डा मातीनं भरला. तिच्या गळ्यातल्या लिंगाची चांदीची करडी, म्हणजे डबी, काढून घ्या असं दोघं-तिघं म्हणाले होते. मी राहू दे म्हणालो. ती आत तिच्याजवळच आहे. हे सगळं होत असताना कृष्णात खड्ड्याच्या काठावर उभा होता. त्यानं सगळं बघितलं आहे.

हे लिहितानाही लाज वाटते. पण पहार कशाला लागते?

४ मार्च, मंगळवार

शाहूपुरीत ट्रॅक्टरच्या दुकानापर्यंत गेलो. समोरच्या चहाच्या गाड्यावर कृष्णात दिसला. दुकानातला विक्रेता त्याच्याजवळ उभा. दोघांच्या हातांत कप. विक्रेत्यानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. मी तसाच परत फिरलो.

शिवपुत्र म्हणाला ते खरं दिसतं. अठराच्या ट्रॅक्टरमागे कृष्णातला काहीतरी सुटणार आहे.

५ मार्च, बुधवार

अवजारांच्या खोलीची किल्ली कृष्णातकडून घेतली. "आजपासून माझ्याकडे राहील," म्हणालो. त्यानं कमरेची सोडून दिली, एक शब्द बोलला नाही. निरपराध माणूस का म्हणून विचारतो.

पहार आत ठेवून कुलूप लावलं. बायडाबाई मला ऐकू जाईल अशी शालूबाईला म्हणाली, "बँक आली गं बाई दारात. आता खुरपं पायजे तर सही करून घ्यायचं."

९ मार्च, रविवार

गुंडूला फोनवर विचारलं. कृष्णात अजून येतो. पहार नाही आता, बांबूची काठी घेऊन येतो. तिला टोकाला लोखंड बसवलं आहे.

सरळ विचारावं असं दोनदा वाटलं. सकाळी तो झेंडूला पाणी घालत होता तेव्हा मी मागे जाऊन उभाही राहिलो. तो म्हणाला, "काय, साहेब?" मी म्हणालो, "काही नाही. पाणी जपून सोड."

१९ मार्च, बुधवार

कृष्णातला न सांगता दुकानात गेलो. विक्रेता पंचविशीतला मुलगा आहे, नाव राजवीर. पस्तीसचा दाखवला. चाकं माझ्या छातीपर्यंत. वजन पावणेदोन टन. मग म्हणाला, "बागेचं काम असंल तर पावणं, तुमाला अठराचा बरा. साडेसातशे किलोच हाय. हिरवळीवर चाक उमटत न्हाय." हाही अठराचाच धोशा.

चौकशीच्या वहीत मी नाव आणि पत्ता लिहिला. त्यानं वाचलं आणि वर बघितलं. "म्हंजे... रोपवाटिकेच्या बाई तुमच्या..."

"पत्नी."

"हां," म्हणाला आणि गप्प झाला. इतका वेळ तोंड मिटलं नव्हतं. पाणी आणायला सांगितलं, पुसलेली खुर्ची परत पुसली. माझ्याकडे बघेना.

सगळ्यांना काहीतरी माहीत आहे. मला सोडून.

२६ मार्च, बुधवार

ठरवलं. पस्तीसचा, पाडव्याला. त्याआधी रविवारी भाड्याचा पस्तीसचा आणून रुद्रभूमीत चालवून बघायचा. कमिटीपुढेच होऊ दे. शिवपुत्र येतो म्हणाला. कृष्णातला फक्त वेळ सांगितली.

३० मार्च, रविवार

जसं झालं तसं लिहितो.

आठ वाजता उचगावहून ट्रॅक्टर आला. मागे रोटाव्हेटर. कमिटीचे चौघं, शिवपुत्र, गुंडू. कृष्णात आधीच येऊन बसला होता. ट्रॅक्टर फाटकातून आत वळला तसा तो उठून पुढे आडवा उभा राहिला.

"साहेब, थांबवा. आत नको."

शिवपुत्र म्हणाला, "अरे बाजूला हो की. मालक तू का ते?"

"साहेब, हात जोडतो. दोन दिस द्या मला."

मी म्हणालो, "कृष्णात, पहार घेऊन तू इथं काय करत होतास ते मला माहीत आहे. बाजूला हो."

सगळ्यांसमोर म्हणालो. त्यानं माझ्याकडे बघितलं. पहिल्यांदा नीट बघितलं. मग बाजूला झाला आणि लिंबाखाली जाऊन उभा राहिला.

पहिली फेरी नीट झाली. दुसरी झाली. शिवपुत्र म्हणाला, "बघा दाजी, रस्त्यासारखी जमीन." तिसऱ्या फेरीला मागचं उजवं चाक खाली गेलं. आवाज फार झाला नाही. जमीन आत ओढल्यासारखी गेली आणि चाक आसापर्यंत रुतलं. ट्रॅक्टर कलला. ड्रायव्हरनं दुसऱ्या बाजूला उडी मारली म्हणून वाचला. गुंडू "शिव शिव शिव" म्हणत धावला.

तिच्या जागेपासून दहा पावलांवर.

ती एक जुनी समाधी होती, वर दगड नाही, खूण नाही. पुढचा खड्डा भरलेला असतो पण कोनाडा आतून रिकामाच राहतो, हे मी लहानपणापासून जाणतो. माझ्या वडिलांना बसवताना मी स्वतः आत उतरलो होतो. तरी सपाट जमिनीवर हरळी बघून मी ते विसरलो. शिवपुत्रही विसरला. अध्यक्षही.

 अध्यक्ष पायातल्या वहाणा काढून त्या खड्ड्यापुढे उभे राहिले. 

शिवपुत्र म्हणाला, "ड्रायव्हर अडाणी आहे. वळवायला कळलं नाही." बाराच्या गाडीनं गेला.

ट्रॅक्टर निघायला दुपार झाली. फळ्या घालून, दोर लावून, कृष्णातनंच काढला. सगळे गेल्यावर तो बांबूची काठी घेऊन आला आणि मला बोलवलं. "हितं उभं रावा." काठी हरळीत दाबली. दोन वीत जाऊन अडली. चार पावलं पुढे दाबली. ती हातभर सरकन गेली. "हितं पोकळ." असं एकेक करत तेवीस जागा दाखवल्या. प्रत्येक ठिकाणी त्यानं आधीच बोटभर काटकी रोवून ठेवली होती. मी त्या काटक्या पायाखाली तुडवत आलो होतो.

मी विचारलं, "हे मला आधी का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "काय सांगू, साहेब? आक्का बसल्याली जागा पोकळ हाय, असं तुमच्या तोंडावर सांगू व्हय?"

 तो खिशातून विडी काढायला गेला आणि जागा आठवून परत ठेवली.

२ एप्रिल, बुधवार. पाडवा

गुढी उभारली नाही. वर्ष झालेलं नाही.

ज्यांची समाधी होती त्यांच्या घरी अध्यक्षांबरोबर गेलो. त्यांची सून गौराबाई, सत्तरीच्या आहेत. मी मान खाली घालून सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "मामंजी जिवंत असतानासुद्धा दारातनं कुणाची गाडी जाऊ द्यायचे न्हाईत. बैलगाडी अडवून भांडायचे. न्हाय सोडलं म्हणा अजून." आणि चहा ठेवला. माती भरताना जंगम बोलवा एवढंच म्हणाल्या.

अध्यक्षांनी बसव जयंतीपर्यंत मुदत वाढवली. म्हणाले, "तुमच्यासाठी नाही. त्या माणसानं काटक्या रोवल्यात त्यासाठी."

घरी आलो. कृष्णात माती चाळत होता. माफी मागायची होती. अवजारांच्या खोलीची किल्ली पुढे केली. त्यानं हात पुसून घेतली आणि कमरेला लावली. "मोगऱ्यावर मावा पडलाय," म्हणाला.

पण एक अजून राहतंच. दुकानातल्या विक्रेत्याशी त्याचं काय होतं? काठीचं खरं निघालं म्हणून सगळंच खरं असं नाही.

११ एप्रिल, शुक्रवार

कृष्णातला बरोबर घेऊन दुकानात गेलो. मुद्दाम. दोघांना समोरासमोर बघायचं होतं.

राजवीरला म्हणालो, अठराचा घ्यायचा आहे. तो कृष्णातकडे बघून म्हणाला, "सांगू का आता?" कृष्णात म्हणाला, "सांग. आता कुणाची चोरी."

राजवीर म्हणाला, "बाई आलत्या की, साहेब. गेल्या मे म्हैन्यात, दोनदा. आदी पस्तीसच्यावर बसल्या. पाय क्लचला पोचंना. म्हणल्या, ह्यो माझ्या मापाचा न्हाय. मग अठराच्यावर बसल्या. सीट एक भोक पुढं घ्यायला लावली. मागच्या पटांगणात अर्धा तास चालवला. ह्यो कुंड्या मांडत हुता, त्या मधनं न्यायच्या. एक कुंडी फुटली फकस्त."

"दोन," कृष्णात म्हणाला.

"दोन. पन रिव्हर्स माज्यापेक्षा बरा घेतलाता त्यांनी. दिवाळीला नेते म्हणल्या. मग ह्योच सांगायला आला, बाई गेल्या म्हणून. तवापासनं म्हैन्याला एक चक्कर, अठराचा हाय का गेला इचारायला. मी म्हटलं, बाबा, गेला तर दुसरा यील की. ऐकत न्हाय."

चहाच्या गाड्यावरचं ते होतं.

मी कृष्णातला विचारलं, मला का नाही सांगितलं तिनं. तो म्हणाला, "आक्का म्हणल्या, दारात उभा केला की सांगू. आदी सांगितलं तर इषय संपंल. माज्याकडनं शपत घेतली."

विषय संपेल म्हणजे काय, ते त्याला विचारलं नाही. घरी येऊन विचार केला. मी तिला कधी कशाला नाही म्हटल्याचं मला आठवत नाही. लुना घ्यायची म्हणाली होती तेव्हा मी एवढंच म्हणालो होतो की घरात एक गाडी आहे, दुसरी कशाला. ती त्यावर काही बोलली नाही, म्हणजे तिलाही ते पटलं होतं. पुन्हा तिनं तो विषय काढला नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

शिवपुत्रचा फोन. पस्तीसचा नाही घेतला हे सांगितल्यावर म्हणाला, "मग माझ्या उसाचं काय?" मी म्हणालो, तुझ्या उसाचं तू बघ. मग वाटलं, फार तोडून बोललो. पण परत फोन केला नाही.

४ मे, रविवार. बसव जयंती

ट्रॅक्टर आला. लाल रंगाचा. शालूबाईनं चाकांना हळद-कुंकू लावलं, बायडाबाईनं नारळ फोडला. "खुराडं कुठं हाय ह्याचं?" म्हणाली.

मला वर बसवलं. गुडघे स्टिअरिंगला लागले. सीट एक भोक पुढे होती. राजवीर म्हणाला, "त्या येळंला वहीत तसंच लिवून ठिवलंतं, मेकॅनिकनं वाचून तसंच बसवलं. मागं घिऊ?"

 मी उतरल्यावर कृष्णात वर बसला तेव्हा त्याला सीट बरोबर आली. त्याचेही पाय आखूड आहेत. क्षणभर मनात आलं, की हे माप त्यानंच लिहवलं नसेल कशावरून. वही मागून बघावी असं वाटलं. तिथं तिच्या हातचं अक्षर असतं की राजवीरच्या, कोण जाणे.

वही मागितली नाही. सीट राहू दे म्हणालो.

१३ मे, मंगळवार

रुद्रभूमीचं काम सकाळी साडेसहाला सुरू केलं. कृष्णातनं तेवीस जागांभोवती चुन्याची कडी काढली होती. खचलेली जागा जंगमांनी मंत्र म्हणून आधीच भरून घेतली. ट्रॅक्टर त्या कड्यांमधून वळत गेला. कमिटीचे लोक पहिल्या तासाला श्वास धरून बघत होते, मग खुर्च्या मागवून बसले. कुठं काही झालं नाही. माती चांगली निघाली, काळी.

चारपर्यंत सगळं झालं. तिच्या जागेभोवती दोन हातांची पट्टी तेवढी राहिली. तिथं यंत्र न्यायचं नव्हतं. कृष्णात खाली उतरला, कुदळ घेतली.

"तेवढं करून टाकतो, साहेब."

"राहू दे. मी करतो."

"तुमी?" त्यानं माझ्या हातांकडे बघितलं. "कुदळ जड हाय. खोल घालू नगासा. खुरपं घ्या. हरळी मुळासकट काढायला लागती, न्हायतर परत येती."

"बरं."

 तो ट्रॅक्टर काढून गेला. गुंडू चहाला गेला.

मी चपला काढून बसलो. हरळीचं मूळ खूप लांबवर जातं, ओढलं की दुसरीकडची माती उचलते. सुरुवातीला तुटत होतं. मग एका हातानं धरून दुसऱ्या हातानं माती सैल करायची हे कळलं. दीड तास लागला. काढलेली हरळी कुंपणाबाहेर नेऊन टाकली. परत येऊन ढेकळं हातानं फोडली आणि दोन बादल्या पाणी घातलं.